वर्षभर फिरायला निघायचंय? आधी घरचं बघा, मग रस्त्याचं

"लग्न नाही, फ्लॅट नाही, आणि आता नोकरीही सोडणार?" हे ज्यांनी ऐकलंय किंवा लवकरच ऐकणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. पंधरा दिवसांच्या ट्रिपा करणाऱ्यांना यातलं फारसं काही लागणार नाही. पगारावर जगणारी, गाठीशी थोडेफार पैसे असलेली, घरी आई-वडील असलेली आणि तरी सहा महिने, वर्ष, दीड वर्ष देशभर फिरत राहायचं म्हणणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मी स्वतः पुण्यातली नोकरी सोडून असं राहते. सॅक कुठली घेऊ, हा मला सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न. सॅक कुठलीही घ्या, पाठीला बसली की झालं. घोडं अडतं ते घरात आणि कागदपत्रांत.

घरी कसं सांगायचं

घरच्यांना पटवून द्यायच्या भानगडीत पडू नका. ते पटत नाही. पटण्यासारखं त्यांच्या दृष्टीने त्यात काही नसतंही, कारण त्यांनी आयुष्यभर उलटं केलेलं असतं आणि त्यावरच तुम्ही शिकलात. त्यांना सवय होऊ शकते मात्र. म्हणून नोकरी सोडण्याच्या वर्षभर आधीपासून दहा-पंधरा दिवसांचे एकट्याने दोन-तीन दौरे करा. रोज ठरलेल्या वेळी फोन करा, ठरलेल्या दिवशी परत या. 'जाते म्हणजे जाते आणि येते म्हणजे येते' हे घरात एकदा रुजलं की मोठी गोष्ट काढायला जागा होते.

मग बोलताना 'मला जग बघायचंय', 'मला स्वतःला शोधायचंय' असलं काही बोलू नका. घरात प्रत्येकाची काळजी वेगळी असते आणि तिला वेगळं उत्तर लागतं. वडिलांना पैशांचं पडलेलं असतं. आईला आजारपणाचं, आणि 'एकटीच कशी राहशील' याचं. आजीला लग्नाचं. वडिलांपुढे एक कागद ठेवा: किती साठलेत, महिन्याला किती लागतील, किती पैशांना हात लावायचा नाही, विम्याची पॉलिसी कुठली, नॉमिनी कोण. आमच्याकडे बोलणं साधारण असं झालं:

"किती दिवस?"

"वर्षभर, बाबा. दिवाळी करून निघेन. मे महिन्यात मावशीकडच्या लग्नाला येईन."

"आणि पैसे संपले तर?"

"संपायच्या आधी परत. परतीचे वेगळे ठेवलेत. हे बघा."

बाबांनी चष्मा लावून बेरीज तपासली, एका ठिकाणी पेनाने रेघ मारली आणि 'विम्याचा हप्ता धरला नाहीस' म्हणाले. आशीर्वाद यापेक्षा वेगळ्या शब्दांत येईल अशी वाट बघू नका.

आपल्याकडे घर सोडून फिरणं काही नवीन नाही, हे गंमतीचं आहे. शेजारच्या काकांनी नर्मदा परिक्रमा उचलली तर गल्ली त्यांच्या पाया पडते. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब, परिक्रमा दोन्ही काठांनी, जुन्या रिवाजाने तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस चालायची, चातुर्मासात एका जागी थांबायचं. एवढा काळ माणूस पायी, मिळेल ते खात, आश्रमात झोपत फिरतो आणि त्याला कोणी 'तुझं पुढे काय?' विचारत नाही. देवाच्या नावाने निघालं की चालतं, स्वतःच्या नावाने निघालं की बेजबाबदार. मनात श्रद्धा नसेल तर परिक्रमेचं सोंग आणा असं मी म्हणणार नाही. पण घरातल्या थोरांना ओळखीची असलेली एक-दोन ठिकाणं मार्गात खरोखर घ्या, आणि तिथे आईला आठवडाभर बोलवून घ्या.

हा उपाय मला वाटतं शंभर वादांना भारी आहे. काशीला ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. त्याच भागात मी महिन्याच्या भाड्याने खोली घेतली होती आणि आईला बोलावलं. तिने आल्या आल्या गादी उचलून खाली बघितलं, न्हाणीघराची कडी दोनदा लावून पाहिली, नळाचं पाणी हातावर घेऊन वास घेतला. मग घरमालकिणीशी मोडक्या हिंदीत परवराच्या भाजीवर अर्धा तास बोलली. त्यानंतर 'कुठल्या कुठल्या लॉजवर राहतेस गं' हा प्रश्न फोनवर आला नाही.

नातेवाईकांचं सोपं आहे. एकच उत्तर ठरवा आणि सगळ्यांना तेच द्या. "आत्या, सध्या फिरतेय, तब्येत छान आहे, तुमच्या गुडघ्याचं काय झालं?" गुडघ्यावर गाडी गेली की परत येत नाही. फॅमिली ग्रुपवर रोज सूर्यास्त टाकू नका. चुलतभाऊ हप्ते फेडत असतो, त्याला मंगळवारी सकाळी अकरा वाजता समुद्र दाखवण्यात काय हशील?

लग्नाचं मात्र मोघम ठेवू नका. स्थळं बघणं चालू असेल तर थांबवायला स्पष्ट सांगा. बायोडाटा फिरत ठेवून आपण मेघालयात, हे समोरच्या घरावरही अन्यायाचं आहे. आणि घरात कुणाचं दुखणं असेल, किंवा घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल, तर वर्षभराचा हट्ट सोडून दोन-दोन महिन्यांचे टप्पे करा. त्यात कमीपणा काही नाही.

नोकरी सोडण्याआधी

आधी बिनपगारी रजा मागून बघा. मोठ्या कंपन्यांत लांब रजेचं धोरण असतं आणि ते कुणी वापरत नाही म्हणून कुणाला माहीत नसतं. नाहीच जमलं तर राजीनामा. आयटीत नोटीस पीरियड दोन-तीन महिन्यांचा असतो, तो धरून निघायची तारीख ठरवा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या हिशोबाचा कागद हातात आल्याशिवाय गाव सोडू नका. डोंगरातल्या एका रेषेच्या नेटवर्कवरून एचआरच्या मागे लागणं वैताग असतो.

कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हायला चार-सहा महिने उरले असतील तर दात-ओठ खाऊन थांबा. ग्रॅच्युइटीचा हक्क तिथून लागतो. पीएफ लगेच काढू नका. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढला तर कर लागतो, आणि तसाही तो पैसा हाताशी आला की फिरण्यात विरून जातो. पीएफच्या खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडलाय ना, नॉमिनी भरलाय ना, एवढं बघून ठेवा. क्रेडिट कार्ड घ्यायचं असेल तर सॅलरी स्लिप येते आहे तोवर घ्या.

आरोग्यविमा हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी नवी घेतली की पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांना संरक्षण मिळत नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते. म्हणून राजीनामा देण्याच्या आधीच पॉलिसी चालू करा, म्हणजे ते ३० दिवस पगारात जातील. अर्जात दमा, थायरॉइड, शुगर काही लपवू नका. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झालाय, तेवढाच दिलासा.

पैसे

तीन वेगळ्या खात्यांत तीन रकमा ठेवा: फिरायचे, अडीअडचणीचे आणि परत आल्यावरचे.

एकट्या माणसाने स्लीपरने प्रवास केला, डॉर्मिटरीत किंवा महिन्याच्या भाड्याच्या खोलीत राहिला आणि थाळी जेवला, तर महिना २५ ते ३५ हजारांत भागतं, हा माझा अंदाज. त्याहून स्वस्तात फिरणारे आहेत, पण पहिल्याच वर्षी ती ईर्ष्या नको. डिसेंबरातला गोवा आणि लडाखमधल्या जीपा हा हिशोब मोडतात. पैसे राहण्यावर जातात असं वाटतं, जातात ते जागा बदलण्यावर. आठवड्याला गाव बदलणारा आणि महिन्याला गाव बदलणारा यांच्या खर्चात मोठा फरक पडतो.

परत आल्यावरचे पैसे म्हणजे भाड्याच्या घराचं डिपॉझिट आणि नोकरी मिळेपर्यंतचे तीन-चार महिने. हे एफडीत टाका आणि विसरा. शेअर बाजारात नको, कारण तुम्ही परत याल त्याच महिन्यात बाजार पडलेला असू शकतो. कार्डाची थकबाकी किंवा पर्सनल लोन असेल तर आधी ते फेडा, मग तिकीट काढा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे इथे अगदी शब्दशः लागू आहे.

वाटेत कमवायचा विचार असेल, भाषांतर, डिझाइन, शिकवण्या काहीही, तर पहिलं गिऱ्हाईक नोकरीत असतानाच मिळवा. 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणणाऱ्यांचं तिकडे गेल्यावर फारसं काही होत नाही.

कागद, फोन, परवाने

आधार, पॅन, लायसन्स डिजिलॉकरमध्ये असू द्या, पण मूळ आधारकार्ड आणि सात-आठ फोटो जवळ ठेवा. लॉजवाले झेरॉक्स मागतात आणि ईशान्येत परवान्याला फोटो लागतो. दोन बँकांची खाती, दोन कंपन्यांची सिमं. बँकेला जोडलेला नंबर बंद पडू देऊ नका, नाहीतर ओटीपीपायी सगळं अडतं. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. एक सिम आधीच पोस्टपेड करून घेतलं की प्रश्न मिटला.

अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या चार राज्यांत बाहेरच्या भारतीयांना इनर लाइन परमिट लागतं. अरुणाचल आणि नागालँडचं ऑनलाइन निघतं. मुदत हवी त्यापेक्षा थोडी जास्तच मागा, कारण तिथे दरड कोसळून रस्ता दोन दिवस बंद राहिला तर कुणाला नवल वाटत नाही. सिक्कीममध्ये नाथू ला, गुरुडोंगमार अशा ठिकाणांचे परवाने वेगळे, ते तिथल्या ट्रॅव्हल एजंटांमार्फत निघतात. लक्षद्वीपलाही परवाना लागतो. नेपाळला व्हिसा नाही, पण विमानाने जाणार असाल तर आधार चालत नाही; पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. भूतानमध्ये भारतीयांना रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क आहे, त्यामुळे तिथे रमायचं तर खिसा बघून.

युरोप मनात असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. व्हिसाच्या अर्जाला सॅलरी स्लिप आणि रजेचं पत्र मागतात. बेकार माणसाला तो मिळणं जड जातं, आणि मिळाला तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष देशातच काढा.

कुठे, कधी

दिवाळी करून निघा. सण घरच्यांबरोबर झालेला असतो, पाऊस संपलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दक्षिण किंवा ईशान्य, मार्चपासून हळूहळू वर, एप्रिल-जूनमध्ये हिमाचल-उत्तराखंड, आणि पावसाळ्यात स्पिती-लडाख, कारण तो भाग पर्जन्यछायेत आहे. मात्र तिथे पोचायचे रस्ते पर्जन्यछायेत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या वाटेवर दरडी पडतात. मनालीकडून स्पितीला जाणारी कुंझुम खिंड बर्फाने महिनोन्‌महिने बंद असते. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस खोलीत लोळा, पाणी प्या, हिरोगिरी नको.

दक्षिणेत तंजावरला किमान पंधरा दिवस द्या. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. भिंतीवर आपली लिपी वाचत उभं राहिलं की पायाला भिंगरी लागलेले आपण पहिलेच नाही हे कळतं. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा साठा आहे. कन्याकुमारीला विवेकानंद केंद्राच्या आवारात राहायची सोय होते. ज्यांच्या चिकाटीमुळे समुद्रातलं शिलास्मारक १९७० साली उभं राहिलं ते एकनाथजी रानडे अमरावती जिल्ह्यातले, हे आईला फोनवर सांगायला चांगलं.

ईशान्येत घड्याळ विसरा. डिसेंबरात दिब्रुगडला साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो आणि शेअर सुमो पहाटे पाच-सहालाच सुटतात. आदल्या दिवशी काउंटरवर जाऊन सीट लिहून या. मधल्या रांगेतली खिडकी मागा. मागच्या सीटवर आठ तास बसलात तर पाठ आठवण ठेवते. माजुलीला जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरी जाते. नागालँडचा हॉर्नबिल महोत्सव १ ते १० डिसेंबर, कोहिमाजवळ किसामाला. त्या दिवसांत खोल्यांचे भाव चढतात, तेव्हा महोत्सव बघायचा नसेल तर कोहिमा टाळा. तिथून दक्षिणेत जायला दिब्रुगड-कन्याकुमारी विवेक एक्सप्रेस आहे, सुमारे ४,२०० किलोमीटरची. एका दमात बसायचा मोह टाळा आणि मधे दोनदा उतरा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तत्काळसाठी आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते निघायच्या आधी करून टाका.

राहणं

होस्टेल सगळ्यांना माहीत असतात, म्हणून ती सोडून देते. धर्मशाळा आणि भक्तनिवास आपल्या पिढीने उगाच विसरलेत. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासं शेगावबरोबर पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वरलाही आहेत, आणि त्यांची स्वच्छता बघितली की महागड्या हॉटेलांची कीव येते. गुरुद्वाऱ्यातल्या सरायांत साधारण तीन दिवस राहू देतात. डोकं झाकायचं, लंगरात जेवायचं, जमलं तर भांडी घासायला बसायचं. दिल्लीत पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, मोठ्या शहरांतल्या महाराष्ट्र मंडळांकडेही चौकशी करावी.

महिनाभर थांबायचं असेल तर ऑनलाइन बुकिंग फक्त पहिल्या दोन रात्रींचं करा. मग गावात चालत फिरा, किराणा दुकानात आणि चहाच्या टपरीवर 'महिन्याने खोली मिळेल का' विचारा. निम्म्या भावात मिळते.

एकट्या बाईसाठी: नव्या गावात उजेडी पोचा. काही लॉज एकट्या बाईला खोली देत नाहीत. तसं तोंडावर कबूलही करत नाहीत, 'फुल आहे' म्हणतात. म्हणून आधी फोनवर 'मी एकटी आहे, चालेल ना?' असं सरळ विचारा. दरवाज्याला आतून लावायचं एक स्वस्त कुलूप किंवा पाचर जवळ ठेवा. रेल्वेत काही झालं तर १३९, एरवी ११२. 'नवरा कुठे आहे?' या प्रश्नाला 'उद्या येतोय' हे उत्तर मी बिनदिक्कत देते. रिक्षावाल्याला सत्य सांगायचं कर्ज कुणाचं नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात

कंटाळा येतो. देऊळ बघवत नाही, धबधबा बघवत नाही, पुन्हा सॅक भरायची म्हटलं की रडू येतं. मित्र-मैत्रिणींच्या बाळांचे फोटो येतात, कुणाचं प्रमोशन होतं, आणि काकू म्हणत होत्या ते खरं होतं की काय असं वाटायला लागतं. हा थकवा आहे, याच आठवड्यात आयुष्याचा निर्णय घेऊ नका. एका गावात तीन आठवडे थांबा. खोलीत गॅस असेल तर मऊ भात शिजवून त्यावर मेतकूट-तूप घाला. एकाच टपरीवर रोज जा, म्हणजे चौथ्या दिवशी कोणीतरी नावाने हाक मारतं. एखादं शिकण्याचं काम लावून घ्या: विणकाम, भाषा, पोहणं. एवढं करूनही घरी जावंसं वाटलं तर जा. वर्ष म्हटलं म्हणून वर्षच काढायला ही काही शिक्षा नाही.

घरचा फोन मात्र या दिवसांत चुकवू नका. ठरलेल्या वेळी, दोन मिनिटं का होईना. नेटवर्क नसलेल्या भागात जाणार असाल तर आदल्या दिवशी 'तीन दिवस फोन लागणार नाही, शुक्रवारी संध्याकाळी करते' असं सांगा आणि शुक्रवारी संध्याकाळी करा. तुम्हाला मिळणारी मोकळीक या शुक्रवारांवर टिकते.

येणं-जाणं

घरातली मोठी कार्यं बुडवू नका. सख्ख्या चुलत-मावस भावंडांची लग्नं, बाबांची साठी, आजीची सहस्रचंद्रदर्शन शांत. पंगतीत वाढायला तुम्ही दिसलात की तुमच्या फिरण्यावरची निम्मी चर्चा तिथेच संपते, उरलेली निम्मी आईच परस्पर निस्तरते.

नोकरीत परतताना मुलाखतीत त्या वर्षाबद्दल सारवासारव करू नका. 'ठरवून, स्वतःच्या पैशाने वर्षभर भारत फिरले, मधे अमुक काम केलं' एवढं दोन वाक्यांत सांगा आणि कामावर या. आयकर विवरणपत्र त्या अर्ध्यामुर्ध्या पगाराच्या वर्षाचंही भरा. पुढच्या कर्जाला आणि व्हिसाला तेच विचारतात, आणि कापलेला टीडीएसही बऱ्याचदा परत मिळतो.

पुन्हा निघायचं की थांबायचं हे परतल्याच्या पहिल्या महिन्यात ठरवू नका. विम्याच्या नूतनीकरणाची तारीख मात्र फोनमध्ये टाकून ठेवा, ती चुकली तर वाट बघायचे महिने पहिल्यापासून मोजायची वेळ येऊ शकते. आणि गणपतीला कोकणात घरी पोचायचं असेल तर साठ दिवस आधी, आरक्षण उघडायच्या मिनिटाला, जिथे असाल तिथे रेंज शोधून बसा. त्या गाड्या कुणासाठी थांबत नाहीत.